इशिहाराची ३८ प्लेट्सची वही: चांगली आहे, पण उजेड तुमचा हवा

आमच्या दवाखान्यातली जुनी इशिहारा वही, म्हणजे रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायला लावून रंगदृष्टी तपासायची वही, अखेर बाद केली. ठिपके फिके पडले होते, आणि रंग तपासायच्या वहीचाच रंग उडाला तर ती ठेवून करायचं काय? नवी ३८ प्लेट्सची छापील आवृत्ती घेतली. आता ती पुरेशी हाताखालून गेलीय, म्हणून लिहिते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढते. लष्करी वैमानिक व्हायचंय अशी मुलंमुली वैद्यकीय चाचणीआधी 'एकदा डोळे बघा ना' म्हणत येतात. त्यांचं सगळं लक्ष चष्म्याच्या नंबरावर असतं. ६/६ दिसतंय का, नंबर किती चालतो, लेझर केलं तर घेतात का. नंबराचे नियम देशागणिक आणि शाखेगणिक वेगळे असतात, काही ठिकाणी ठरावीक अटींवर लेझरही चालतं. रंगदृष्टीला मात्र लेझरचा उपयोग नाही. लेझर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक थराचा, आकार बदलतो, रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी डोळ्याच्या मागच्या पडद्यावर असतात, त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलग्यांत जास्त. आणि गंमत अशी की बारावी होईपर्यंत घरात कुणाला कळलेलंही नसतं.

तर वही. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी ती सैन्यात भरती होणाऱ्यांच्या तपासणीसाठी तयार केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. म्हणजे मूळचीच लष्करी वस्तू. शंभर वर्षं उलटली तरी पहिली चाळणी म्हणून हीच समोर ठेवतात, त्यामागे तिची रचना आहे. पहिल्या प्लेटवरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. तोही न वाचणारा एकतर घाबरलेला असतो, नाहीतर त्याचं नजरेचंच काहीतरी बिनसलेलं असतं. दुसऱ्या प्लेटवर नेहमीच्या डोळ्याला ८ दिसतो, लाल-हिरव्याचा दोष असेल तर ३. चौथीवर २९ चा ७० होतो. पुढे काही प्लेट्सवर दोष असणाऱ्याला आकडा सापडतच नाही. सर्वांत हुशार म्हणजे १८ ते २१: तिथे नेहमीच्या डोळ्याला नुसते ठिपके दिसतात आणि दोष असलेल्याला आकडा. २२ ते २५ मध्ये दोन आकडे शेजारी असतात. त्यातला कुठला हरवतो त्यावरून दोष लाल बाजूचा की हिरव्या, याचा अंदाज येतो. उरलेल्या प्लेट्सवर आकड्यांऐवजी वाटा आहेत, आकडे न येणाऱ्यांसाठी. त्या कोरड्या ब्रशने गिरवायच्या. बोट लावू देऊ नका, हाताच्या तेलाने छपाई खराब होते. मी तर पहिल्या २१ पुढे क्वचितच जाते.

छपाईला पूर्ण गुण. कागद चकचकीत नाही, त्यामुळे वरून दिवा असला तरी आकड्यावर चमक येत नाही. रंगांचा गडद-फिकेपणा ठिपक्याठिपक्याला बदलतो, म्हणून केवळ उजळपणावरून आकडा ताडता येत नाही. फोनवरच्या फुकट चाचण्यांची सगळी बोंब इथेच आहे. प्रत्येक पडद्याचा रंग वेगळा, त्यात रात्रीचा पिवळा मोड चालू असला की विषयच संपला. फोनवर पास झालो म्हणून खुशीत आलेल्यांना मी वहीसमोर बसवते, तेव्हा काहींचा चेहरा बघवत नाही.

पण वहीसोबत उजेड मिळत नाही, आणि निम्मी चाचणी उजेडातच आहे. दिवसाचा नैसर्गिक प्रकाश, नाहीतर त्याच्या जवळ जाणारा दिवा लागतो. जुन्या पिवळ्या बल्बखाली हिरव्या बाजूचा सौम्य दोष असलेला माणूस सहज पास होऊन जातो. अंतर ७५ सेंटिमीटर, पान नजरेला काटकोनात, आणि उत्तर तीन सेकंदांत. 'थांबा हं, दिसतोय, दिसतोय' म्हणत पान तिरपं करणाऱ्याचं उत्तर मी धरत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. प्लेट्सचा क्रम जगजाहीर आहे. पोरं उत्तरं पाढ्यासारखी घोकून येतात. मी क्रम मोडून कुठूनही सुरू करते, आणि मध्येच १८ ते २१ मधली एखादी काढते. परवा एकजण इतका वेगात होता की मी पान उलटायच्या आत पुढचा आकडा सांगून मोकळा झाला. त्याच्या आईने 'बघा, किती पटकन वाचतो' म्हटलं. मी वही मिटली, चहा घेतला आणि मधूनच पुन्हा सुरू केली. मग वेग उतरला.

आणि हे पाठांतर नेऊन पोचवणार कुठे? रात्री शेजारच्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. ते विमान आपल्याकडे येतंय की दूर जातंय, हे त्यावरून कळतं. धावपट्टीकडे उतरताना चार दिव्यांची रांग असते: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उंची बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली आलात. २००२ मध्ये अमेरिकेत टॅलाहासीला एक मालवाहू बोइंग ७२७ रात्री धावपट्टीच्या आधीच झाडांत कोसळलं. तिघेही वैमानिक वाचले. चौकशीत सहवैमानिकाचा रंगदृष्टीदोष हे अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये नोंदवलं गेलं. रंगीत काचांचे चष्मे आणि एका डोळ्यात घालायची लाल लेन्सही पाठांतराच्याच पंगतीत बसवा. त्यांनी वहीतला आकडा उठून दिसेलही, डोळा बदलत नाही, आणि वैमानिकाच्या तपासणीत त्या धरत नाहीत.

वहीच्या मर्यादाही आहेत. निळ्या-पिवळ्याचा दोष ती पकडत नाही. दोष किती तीव्र आहे, हेही नीट सांगत नाही. पहिल्या २१ पैकी १७ किंवा जास्त बरोबर असतील तर रंगदृष्टी ठीक, १३ किंवा कमी असतील तर दोष. मधल्या आकड्यावर अडकणारे कमीच, पण अडकले तर मी निकाल देत नाही. लँटर्न (रंगीत दिवे ओळखायची चाचणी) किंवा अ‍ॅनोमॅलोस्कोप (रंग जुळवून दोष नेमका मोजणारं यंत्र) असेल तिथे पाठवते.

दवाखान्यासाठी घ्यायची तर ३८ चीच घ्या. शाळेतल्या तपासणीला १४ चीही चालेल. पालकांनी घरी घेण्यात अर्थ नाही: मागे उत्तरांचा तक्ता असतो, आणि मुलाला तो सापडायला एक दुपार पुरते. त्यापेक्षा आठवी-नववीतच एकदा नीट उजेडात तपासून घ्या. वही वापरून झाली की मिटून कपाटात ठेवा, खिडकीत नको.