एमिरेट्स स्टेडियम टूर, लंडन: आधी बाहेरचा पुतळा बघा

आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमची टूर जरूर करा, पण आत शिरण्याआधी बाहेर क्लबचा जुना कर्णधार, बचावपटू टोनी ॲडम्सच्या पुतळ्यापाशी थांबा. त्याला तिकीट लागत नाही. दोन्ही हात पसरलेला हा क्षण मे 1998 चा आहे, एव्हर्टन संघाविरुद्ध त्याने स्वतः मारलेल्या, 4-0 करणाऱ्या गोलनंतरचा. मी कॉलेजात सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, खेळायचो. गोल अडवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा पुतळा बघून ऊर भरून आला.

1983 ते 2002 एकच क्लब, 669 सामने, एकविसाव्या वर्षी कर्णधारपद! पुढे प्रशिक्षक म्हणून तो अझरबैजानच्या गबाला क्लबात गेला, 2017 मध्ये स्पेनच्या ग्रानाडा क्लबात. तिथे सातही सामने हरला, संघ ला लीगातून, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमधून, खाली गेला. माझ्या मनातला आदर त्याने तसूभरही कमी होत नाही. पन्नाशीत, परक्या देशात, बुडत्या संघाची जबाबदारी घ्यायला छाती लागते.

आत ऑडिओ गाईड कानाला लावून आपल्या गतीने फिरता येतं. ड्रेसिंग रूम, टनेल, मैदानाची कड, सगळं छान. भाचा टनेलमधून हलायलाच तयार नव्हता. म्युझियमही त्याच तिकिटात.

हे स्टेडियम 2006 चं, म्हणजे ॲडम्स खेळला तो क्लबच्या जुन्या मैदानावर, हायबरीत. हायबरी चालत जाण्याइतकं जवळ आहे. आता तिथे फ्लॅट झालेत, पण ईस्ट स्टँडची जुनी दर्शनी भिंत जपली आहे. ट्यूबने (लंडनची मेट्रो) आर्सेनल स्टेशनला उतरलात तर दोन्ही होतं.