ईपीएबीएक्सवरचा कॉमन स्पीड डायल: पावसाळाभर वापरल्यावर

एक मोबाइल नंबर बदलायचा तर ‘व्हिजिट चार्ज लागेल’ असं डीलरकडून उत्तर आलं, आणि तेव्हाच ठरवलं की हा अनुभव सविस्तर लिहायचा.

आमच्या नर्सिंग होममध्ये उन्हाळ्यात ईपीएबीएक्स बसवलं, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या फोनना वाटून देणारं मशीन: बाहेरच्या ३ लाइन, आतले ८ फोन म्हणजे एक्स्टेन्शन. बाकी सगळं ठीक आहे. आवाज स्वच्छ, ट्रान्सफर पटकन. मला बोलायचंय ते त्यातल्या कॉमन स्पीड डायलबद्दल, म्हणजे ०० ते ९९ या शंभर खणांबद्दल. त्यात एकदा नंबर भरला की कुठल्याही एक्स्टेन्शनवरून स्टारचा (*) कोड आणि दोन आकडे दाबून फोन लागतो.

सुरुवातीला मला हे फुकटचं वाटलं होतं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना कोण वापरणार? पण लेबर रूममध्ये रेंज नसते, आणि भूलतज्ज्ञांचा नंबर नेमका दिवसपाळीच्या सिस्टरच्या मोबाइलमध्ये असतो. आता रक्तपेढी १०, भूलतज्ज्ञ ११, बालरोगतज्ज्ञ १२. रात्रपाळीला नवीन आलेल्या मुलीलाही फोनशेजारची यादी पुरते. माझं मत पूर्ण बदललं.

आणखी एक सोय खरोखर मोलाची. वॉर्डातल्या फोनवरून नातेवाईक तासन्‌तास बोलत बसायचे. कॉल फुकट असले तरी लाइनी तीनच. म्हणून त्या एक्स्टेन्शनवरून बाहेरचे कॉल बंद केले, पण स्पीड डायलच्या यादीला त्या कुलपातून सूट दिली. ही सूट क्लास ऑफ सर्व्हिसमध्ये, म्हणजे कुठल्या फोनला काय मुभा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, वेगळी द्यावी लागते. बसवणाऱ्याला आठवण करून द्या, आपणहून कोणी देत नाही.

आता राग. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी ० लावावा लागतो. डीलरच्या माणसाने ९ लावून पुढे आमच्या जुन्या डायरीतले दहा आकडे जसेच्या तसे भरले. आमच्या मशीनमध्ये आधी लाइन घेण्याचा ९, मग ०, मग नंबर, असं साठवावं लागतं. परिणाम असा की रक्तपेढीचा लँडलाइन लागायचा आणि डॉक्टरांचा एकही मोबाइल लागायचा नाही. दुरुस्तीला चार्ज मागितला. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड मागितला तर म्हणे ‘सिस्टिम बिघडेल’. मशीन आमचं, पैसे आमचे आणि किल्ली त्यांच्याकडे? एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) चेक थांबवला, तेव्हा पासवर्ड लेखी मिळाला. रिसेप्शनच्या की-फोनवरून (मशीनसोबतचा जास्त बटणांचा खास फोन) मी स्वतः सगळे नंबर दुरुस्त केले. काम किचकट नाही, फक्त दुसऱ्या कुठल्याही फोनवरून ते होत नाही. घरच्या घरी होणाऱ्या कामाला दरवेळी व्हिजिट चार्ज घेणं ही सरळ लूट आहे.

मेडिकल स्टोअरच्या साध्या फोनवरून मात्र कोड लागतच नव्हता. मशीनचा दोष समजून मी इथे दोन स्टार देणार होतो. निघालं असं की त्या फोनखालचं बटण पल्सवर (जुन्या डायलिंग पद्धतीवर) होतं, आणि पल्समध्ये स्टारची खूण जातच नाही. टोनवर सरकवलं, चालू झालं.

त्यामुळे मशीनला चार स्टार, विक्रीपश्चात सेवेला शून्य. घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी पासवर्ड आणि प्रोग्रॅमिंगचा बॅकअप हातात घ्यावा. आणि कुलूप लावलेल्या एक्स्टेन्शनवरून १०८ व ११२ मोकळे ठेवलेत ना, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्यावं.