एक्झिक्युटरचा मोबदला आणि आयकर पोर्टल: काम चोख, सूचना शून्य

मृत्युपत्राचा एक्झिक्युटर (त्याची अंमलबजावणी करणारा) म्हणून मिळालेला मोबदला स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवायला आयकर खात्याचं ई-फायलिंग पोर्टल पुरतं. पैसे लागत नाहीत, एवढ्यासाठी नागपुरात धरमपेठेत कुणाची फी भरायची गरज नाही. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो पोर्टल काहीच सुचवत नाही म्हणून.

खरा घोळ फॉर्मचा. पगारदार, पेन्शनर सवयीने आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म उघडतात. तिथे रक्कम ‘इतर स्रोतां’त बसते, पण खर्च वजा करता येत नाही, आयकर कायद्याच्या कलम ५७ खाली तिथे फक्त फॅमिली पेन्शनची वजावट आहे. समजा ६०,००० रुपये मिळाले आणि सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात जाणं-येणं, नकला, टपाल यांत पदरचे ४,५०० गेले. कर ५५,५०० वरच बसावा तर आयटीआर-२ घ्या. शेड्यूल ओएसमध्ये (इतर स्रोतांचा तक्ता) ‘एनी अदर इन्कम’ची ओळ जोडून स्वरूप लिहा, खाली कलम ५७ च्या रकान्यात खर्च टाका. इस्टेटीने, म्हणजे मृताच्या मालमत्तेतून, भरून दिलेला खर्च त्यात धरू नका. पावत्या अपलोड होत नाहीत, पण जपून ठेवा. वकील किंवा सीएने व्यवसाय म्हणून हे काम केलं असेल तर ते व्यवसायाचं उत्पन्न. आयटीआर-२ चालणार नाही.

आधीच भरून आलेल्या आकड्यांवर विसंबू नका. टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापलेला कर) कापला नसेल तर मोबदला एआयएसमध्ये (खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) बहुधा दिसणारच नाही. उलटंही होतं: बँकेने इस्टेटीच्या खात्याला तुमचा पॅन जोडला की तिथलं व्याज तुमच्या नावावर येतं. एआयएसमध्ये त्या नोंदीवर ‘माहिती दुसऱ्या पॅनची’ असा फीडबॅक द्या. ते व्याज, महालातल्या घराचं भाडं, हे सगळं वाटप होईपर्यंत कलम १६८ प्रमाणे इस्टेटीचं उत्पन्न. त्याचं रिटर्न वेगळं, आयटीआर-५. (कलमं १९६१ च्या कायद्यातली, २०२५-२६ च्या उत्पन्नाला तोच लागू.)

मृत्युपत्राची भाषाही नीट वाचा. एक्झिक्युटरला वारसा म्हणून दिलेली रक्कम करपात्र नाही, कामाचा मोबदला म्हणून दिलेली आहे.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच आगाऊ कर) भरा, नाहीतर व्याज लागतं. साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना त्यातून सूट आहे. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा.