डस्टिन टर्कीचं ‘आयर्लंड दूझ प्वांत’ : विनोद पक्का, ठेका आडवा

2008 साली युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत आयर्लंडनं डस्टिन नावाचा टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) उतरवला. हा तिथल्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला जुना बाहुला, आणि गाणं त्याच स्पर्धेची टर उडवणारं. सांगली-मिरजेत गॅदरिंगला किंवा गणपतीत विडंबन बसवणाऱ्यांनी ते बारकाईनं बघावं. विडंबन कुठं पकड घेतं आणि कुठं हातातून सुटतं, दोन्ही त्यात तीन मिनिटांत दिसतं.

विषय अचूक पकडलाय. 1970 ते 1996 या काळात आयर्लंडनं ही स्पर्धा सात वेळा जिंकली होती आणि 2007 च्या अंतिम फेरीत तोच देश शेवटच्या नंबरावर गेला. ती बोच गाण्याच्या मुळाशी आहे. ‘दूझ प्वांत’ म्हणजे फ्रेंचमध्ये बारा गुण. शीर्षकात सरळ त्यांचीच मागणी आहे, कारण एक देश दुसऱ्याला जास्तीत जास्त तेवढेच देऊ शकतो. सुरुवातीच्या ओळी संथ आणि गळा दाटल्यासारख्या आहेत: आम्ही गाणी लिहिणारी माणसं, आमचं चुकलं कुठं? हा या गाण्यातला सगळ्यात चांगला भाग. शब्द सुटे ऐकू येतात आणि डस्टिन अगदी गांभीर्यानं रडगाणं गातो, म्हणून हसू येतं.

मग नाचाचा ठेका सुरू होतो आणि तिथून गाणं घसरतं. ठेका मध्ये कुठं थांबतच नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशाची बतावणी ज्यांनी ऐकलीय त्यांना हे लगेच खटकेल. बतावणीत सोंगाड्या बोलतो तेव्हा ढोलकी गप्प असते, आणि वाक्य पडल्यावरच थाप येते. इथं ही स्पर्धा जिंकलेला आयरिश गायक जॉनी लोगन, समालोचक टेरी वोगनचा केसांचा टोप, रिव्हरडान्स या आयरिश नाचाच्या कार्यक्रमाबद्दलची माफी असे विनोद एकामागोमाग येतात आणि ठेक्याखाली दबून जातात. त्यात डस्टिनचा आवाज घोगरा, डब्लिनी ढंगाचा. दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय निम्मे शब्द कळत नाहीत, आणि मतदाराला दुसरी संधी नसते.

आपल्याकडं केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, विडंबन बसवताना विनोदाचा शब्द समेवर (पहिल्या मात्रेवर) किंवा पाचव्या मात्रेवर संपवा आणि पुढच्या चार मात्रा मोकळ्या सोडा. त्या भरायचा मोह ढोलकीवाल्याला हमखास होतो. त्याला आधीच सांगून ठेवावं.

दुसरी अडचण ओळखीची. वोगन म्हणजे बीबीसीवर वर्षानुवर्षं या स्पर्धेचं खवचट समालोचन करणारा, मूळचा आयरिश माणूस. त्याच्या टोपाचा विनोद सगळ्यात जास्त कळणार ब्रिटनला. पण त्या वर्षी पहिल्यांदाच दोन उपांत्य फेऱ्या झाल्या, आणि ब्रिटनचं मत दुसऱ्या फेरीत होतं. डस्टिन बेलग्रेडला 20 मे रोजी पहिल्या फेरीत गायला. 19 देशांत पंधरावा, 22 गुण, अंतिम फेरी हुकली.

लिथुआनियानं 2006 साली हेच काम फार शहाणपणानं केलं होतं. सुटातले सहा पुरुष, आणि ‘आम्हीच जिंकलो’ एवढा एकच विनोद पुन्हा पुन्हा. कुणाचं नाव ओळखायची गरज नाही. अथेन्सला ते सहावे आले, 162 गुण.

मांडणीला मात्र दाद द्यायला हवी. स्पर्धेचा नियम असा की मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, गाणं तीन मिनिटांच्या आत, जिवंत प्राणी चालत नाही, आणि तेव्हा सगळे आवाज तिथंच गायचे असत. वाद्यं तेवढी ध्वनिमुद्रित. बाहुल्याला ढकलगाडीत उभं केल्यामुळं त्याला हलवणारा माणूस आत लपतो, आणि गाडी फिरली की बाहुलाही मंचभर फिरतो. पडद्यामागं बसवलेल्या बाहुल्याला हे जमत नाही. पण आत वाकून बसलं की पोट दाबलं जातं, श्वास तोकडा पडतो आणि ओळींची शेवटची अक्षरं गिळली जातात. अशी गाडी बनवायची असेल तर आत पाठ सरळ राहील एवढी उंची ठेवा, माईक डोक्याला लावायचा घ्या, आणि चोच स्वरावर उघडा, व्यंजनावर नको. हात वर धरून दोन मिनिटांत खांदा भरून येतो आणि चोच आपोआप खाली झुकते. कोपराला टेकायला आडवी पट्टी लावली की तेवढा त्रास वाचतो.

बघताना स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणापेक्षा बेलग्रेडचं सादरीकरण बघा. आधी आवाज बंद करून एकदा, फक्त चोच आणि गाडीसाठी. मग डोळे मिटून एकदा, आणि किती विनोद कळले ते कागदावर लिहा.