दोन दारं, दोन नियम: तीन तारे

ह्यूस्टनच्या पश्चिमेला आम्ही राहतो, तिथल्या किराण्याच्या एका मोठ्या दुकानाबद्दल हे लिहितोय. साखळीतलं दुकान आहे. नाव मुद्दाम देत नाही, तक्रार एका शाखेची आहे आणि बाकीच्यांना उगाच बोल लागायला नको. भाजी ताजी असते, मासळी साफ करून देतात, पार्किंगला जागा मिळते. त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं दारावरच्या पाटीबद्दल आहे.

माझा लॉन्ड्रोमॅटचा धंदा आहे. गल्ल्यातली रोकड बँकेत न्यायची असली की कमरेला पिस्तूल असतं, शर्टाखाली झाकलेलं. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून बहुतेक सज्ञान माणसांना त्यासाठी परवाना लागत नाही, तरी मी माझा चालू ठेवलाय. परतताना कोथिंबीर-दूध घ्यायला याच दुकानात थांबतो. त्यामुळे आत काय चालतं नि काय नाही, हे मला उंबरठ्यावरच कळायला हवं.

इथला कायदा त्या बाबतीत सोपा आहे. दुकान खासगी जागा, मालक नको म्हणाला की विषय संपला. पण परवानाधारकाला नको म्हणायची रीत ठरलेली आहे. टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलमांवरून पाट्यांची नावं पडलीत: 30.06 ची पाटी म्हणजे झाकलेलं पिस्तूल नको, 30.07 ची म्हणजे उघड दिसणारं नको. मजकूर कायद्यात दिलाय तसाच हवा, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच, आणि रंग असे की लांबून वाचता यावं. 30.07 ची पाटी तर प्रत्येक प्रवेशदारावर लागते. पाटी असूनही आत गेलात तर 200 डॉलरपर्यंत दंड. दुकानातर्फे तोंडी सांगूनही हलला नाहीत तर तो बराच मोठा गुन्हा, त्यात तुरुंगवासही होऊ शकतो.

आता या दुकानाला दोन दारं. मोठ्या दारावर 30.07 ची पाटी आहे, अगदी नियमात बसणारी. मी तिला पूर्ण गुण देतो. उघड नको, झाकलेलं चालेल. औषधांच्या काउंटरकडच्या दारावर मात्र नुसता स्टिकर: लाल वर्तुळात पिस्तूल, वर आडवी रेघ. म्हणजे इकडून आलात तर झाकून चालतं, तिकडून आलात तर काहीच चालत नाही! त्यात परवानाधारकाला अडवायला कायद्याने तो स्टिकर पुरतच नाही. ग्राहक सेवेच्या काउंटरवर विचारलं, तर मुलगी म्हणाली, ‘बंदूक बिलकुल नको.’ मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला, ‘झाकलेली असेल तर आमची हरकत नाही.’ दोघंही एकाच दुकानाचा पगार घेतात.

एवढ्यावर मी चार तारे दिले असते. एक कापला तो पुढच्या प्रकारासाठी. एका संध्याकाळी औषधांकडच्या दाराने एक गृहस्थ आले, पिस्तूल होल्स्टरमध्ये, सगळ्यांना दिसेल असं. त्यांना सांगायला पाठवलं कोणाला? पिशव्या भरणाऱ्या पोराला. मिसरूडही धड फुटलेलं नाही, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा, आणि याने हत्यारबंद माणसाला नियम समजावायचा. गृहस्थ सभ्य होते, जॅकेट ओढून घेतलं, ‘सॉरी’ म्हणाले. मॅनेजर तेवढा वेळ काचेच्या केबिनमध्ये होता.

स्टारबक्सने 2013 मध्ये ग्राहकांना ‘बंदुका आणू नका’ असं आवाहन केलं, तेव्हा बंदी का नाही याचं कारण त्यांचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झनी हेच दिलं होतं: हत्यारबंद ग्राहकाला अडवायची वेळ आपल्या कर्मचाऱ्यांवर आणायची नाही. मला ते तेव्हा पळवाट वाटलं होतं. त्या पोराचा चेहरा पाहिल्यावर पटलं.

वॉलमार्टचंही विनंतीवरच भागतं. ऑगस्ट 2019 मध्ये एल पासोच्या त्यांच्या दुकानात गोळीबार झाला, 23 माणसं गेली. तसला खुनी पाटी वाचून परत फिरत नाही, हे ऐकून ऐकून कान किटले आणि ते खरंही आहे. पण त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण रायफल घेऊन, अंगात चिलखती जॅकेट घालून शिरला. आपला हक्क दुकान मानतं का, ते बघायचं होतं म्हणे. माणसं जीव घेऊन पळाली. सप्टेंबरमध्ये वॉलमार्टने उघड शस्त्र नको असं आवाहन केलं, क्रोगर या किराण्याच्या साखळीने त्याच दिवशी, आणि मग इतरही कंपन्यांची रांग लागली. पाट्या असतात त्या असल्या हौशी लोकांसाठी आणि माझ्यासारख्यांसाठी.

बायकोला कॉस्टको या फक्त सदस्यांसाठीच्या घाऊक दुकानाची पद्धत पसंत आहे. सदस्यत्वाच्या नियमातच आहे: पोलीस वगळता कोणीही शस्त्र आणायचं नाही, विषय बंद. ‘निदान दाराशी उभं राहून वकिली करावी लागत नाही,’ असं ती म्हणते. मला तिथे एकच अडचण, पिस्तूल गाडीत ठेवावं लागतं. मी सीटखाली केबलने जखडलेली कुलपाची पेटी बसवली आहे, पण काच फोडणारे चोर पार्किंगमध्येच फिरतात. शिवाय गाडीत वाकून कमरेचं हत्यार काढायचं, परत अडकवायचं, यातच चुकून गोळी सुटायची भीती जास्त. म्हणून ‘उघड नको, झाकलेलं चालेल’ हा मोठ्या दारावरचा नियम मला तरी सगळ्यात व्यवहारी वाटतो. शेजारच्या आइलमधल्या आजींना काही दिसत नाही, आणि माझं हत्यार माझ्यापाशी राहतं. बायकोला हे अजिबात पटत नाही. ‘त्या आजींना विचारलंस का?’ म्हणते. विचारलेलं नाही.

दुकानाच्या सूचनापेटीत मी दोन गोष्टी लिहून टाकल्यात: स्टिकर काढून तिथेही 30.07 ची पाटी लावा, आणि बोलायची वेळ आली तर मॅनेजरने स्वतः बाहेर यावं. उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’, सोबत ब्रेडवर पन्नास सेंट सूट. तोवर आत जायचं तर मोठ्या दाराने जा. स्वयंचलित चेकआउटकडे जाऊ नका, तिथला एक स्कॅनर कायम बंद असतो.