फास्टएपीआय + पायडँटिक, दीड वर्ष वापरून: वजन घेतो, घड घेत नाही

फास्टएपीआय (पायथॉनमध्ये एपीआय बनवायचं फ्रेमवर्क) आणि पायडँटिक (आलेला डेटा तपासणारी त्यातली लायब्ररी) काय आहे, टाइप हिंट लिहिली की क्वेरी पॅरामीटर (यूआरएलमधून येणारं मूल्य) आपोआप इंटमध्ये (पूर्णांकात) कसा बदलतो, चुकीचं आलं की ४२२ (डेटा चुकीचा असल्याचा एरर कोड) कसा येतो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. डॉक्स वाचून कोणालाही कळतं ते. मी सांगतोय ते रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या हिशोबाच्या अ‍ॅपवर दीड वर्ष चालवल्यावर काय झालं ते.

काम तसं लहान. शेतात कटाई झाली की मुनीमकाका मोबाईलवर घड, वजन, भाव टाकतात, एपीआय हिशोब करून देतो. आधीचं सगळं पीएचपी सातमध्ये होतं आणि तिथे कोणी "82 घड" असं अक्षरासकट टाकलं तरी इंटमध्ये कास्ट करताना ८२ होऊन जायचे, कोणाला काही कळायचं नाही. ते बघूनच मी म्हटलं आता नीट व्हॅलिडेशन असलेलं काहीतरी घेऊ, आणि फास्टएपीआय फुकट आहे, माझं पेमेंट ठरलेलं आहे, म्हणजे टूलवर एक रुपया खर्च नको. पहिलं वर्ष पायडँटिक व्ही वनवर (जुन्या आवृत्तीवर) गेलं आणि एकदम मस्त गेलं, तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

मग होस्टिंगवाल्याने रेट वाढवला. महिन्याला ४०० रुपये वाचतात म्हणून मी एका शनिवारी सगळं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये व्हर्जन पिन केलेलं (म्हणजे ठरावीक आकड्याला बांधलेलं) नव्हतं. ही चूक माझी, शंभर टक्के माझी, आधीच कबूल करतो. नवीन इन्स्टॉलमध्ये फास्टएपीआय पण नवं आलं आणि पायडँटिक व्ही टू आलं, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेलं, आतला गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिलेलं ते. दोनचार डेप्रिकेशन वॉर्निंग (हे पुढे बंद होणार असे इशारे) आल्या, स्वॅगरमधून (ब्राउझरमधल्या टेस्टच्या पानावरून) टेस्ट केलं, चाललं, झोपलो.

रविवारी सकाळी फोन. "काय भो, घड लाल दाखवतंय, वजन घेतंय, घड घेत नाही."

हे वाक्य नीट वाचा, कारण माझे पुढचे दोन दिवस यातच गेले. घड लाल, वजन बरोबर, त्याच फॉर्ममध्ये, त्याच रिक्वेस्टमध्ये. मी माझ्या मोबाईलवरून ८२ घड, १६.५ क्विंटल टाकतो, चालतं. ते टाकतात, नाही चालत. नेटवर्क बघितलं, कॅश क्लिअर करायला लावली, दुसऱ्या ब्राउझरमधून करायला लावलं, काका वैतागले, शेठ वैतागले, बुऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव लागून गेला होता आणि गाडी भरून उभी. शेवटी लॉगमध्ये ४२२ ची पूर्ण बॉडी छापली. व्ही टूमध्ये एररसोबत आलेला इनपुट पण दिसतो, ही सोय खरंच चांगली आहे. तिथे इनपुट म्हणून ८२ लिहिलेलं आणि शेजारी "अनेबल टू पार्स स्ट्रिंग अ‍ॅज अ‍ॅन इंटिजर". म्हणजे हा मजकूर पूर्णांक म्हणून वाचता येत नाही. समोर ८२ दिसतंय आणि हा म्हणतो आकडा नाही! मी चहा ठेवला आणि परत बघितलं तेव्हा दिसलं, ते ८२ मराठीत होतं. शेतावरून मुकादम व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी आकड्यांत पाठवतो, काका कॉपी पेस्ट करतात. वर्षभर तसंच करत होते.

आता गंमत बघा, आणि ही एकच गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. व्ही वन आतून सरळ पायथॉनचं इंट फंक्शन वापरायचं आणि पायथॉनला देवनागरी आकडे समजतात, युनिकोडमधला कुठल्याही लिपीचा दशमान अंक चालतो त्याला. व्ही टूमध्ये स्ट्रिंगचा (मजकुराचा) इंट रस्टवाला गाभा करतो आणि त्याला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ माहीत. म्हणून घड अडले. पण वजन मी डेसिमल टाइपमध्ये ठेवलेलं, आणि डेसिमल बनवायचं काम व्ही टू अजूनही पायथॉनच्याच डेसिमल क्लासकडे देतं, म्हणून १६.५ मराठीत पण पास! वजन फ्लोट (नेहमीचा दशांशाचा टाइप) ठेवलं असतं तर तेही अडलं असतं. आणि कहर म्हणजे पिनकोडला मी सहा आकड्यांचा पॅटर्न लावलाय, बॅकस्लॅश डी (म्हणजे कुठलाही एक अंक) वापरून, तर रस्टच्या रेजेक्समध्ये (पॅटर्न जुळवणाऱ्या भागात) बॅकस्लॅश डी युनिकोड धरतो, म्हणजे ४२५५०८ मराठीत टाका, व्हॅलिड. एकाच लायब्ररीत इंट म्हणतो हा आकडा नाही, डेसिमल म्हणतो आहे, पॅटर्न म्हणतो आहे. पॅटर्नमध्ये आता चौकटी कंसात शून्य ते नऊ असं लिहून टाकलंय, तुम्ही पण लिहा.

त्या रविवारी मी एक स्टार द्यायच्या मूडमध्ये होतो. घाईघाईत जे अडेल ते सैल करत सुटलो. मोबाईल नंबर आणि बँक खातं स्ट्रिंग फील्ड होते, पण काकांच्या एक्सेलमधून येणाऱ्या जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या फॉरमॅटमध्ये) ते नंबर म्हणून येत होते. व्ही वन गुपचूप स्ट्रिंग करून घ्यायचं, व्ही टू सरळ नाही म्हणतं. त्याला पण एक सेटिंग आहे, कोअर्स नंबर्स टू स्ट्रिंग, ती ट्रू केली. लाल गेलं, शेठ खूश, मी जेवलो.

आठवड्याने मत बदललं. एका शेतकऱ्याचं पेमेंट परत आलं, खातं नंबर चुकीचा. बघतो तर खात्याच्या सुरुवातीचे दोन शून्य गायब. एक्सेलने नंबर समजून शून्य खाल्ले, जेसनमध्ये नंबर गेला, आणि मी नुकतीच चालू केलेली सेटिंग त्याला प्रेमाने स्ट्रिंग करून बसली. म्हणजे व्ही टू जे ओरडत होतं ते बरोबर ओरडत होतं आणि मीच त्याचं तोंड दाबलं. सेटिंग बंद केली, एक्सेलचा कॉलम टेक्स्ट केला. मग जुना डेटा उकरला तर अजून एक निघालं, हमालीची रक्कम मी इंट ठेवलेली, ब्राउझर हिशोब करून १४५०.७५ नंबर म्हणून पाठवायचा आणि व्ही वन पॉइंटच्या पुढचं कापून १४५० ठेवायचं, एरर नाही काही नाही. ७५ पैसे म्हणजे काही नाही हो, पण काकांच्या वहीत आणि अ‍ॅपमध्ये दर महिन्याला जो थोडाफार फरक यायचा आणि मी ज्याला राउंडिंग म्हणून उडवून लावायचो तो हाच होता. व्ही टू इथे अडतं. पूर्ण संख्या असेल तर फ्लोटचा इंट करतं, अपूर्णांक असेल तर नाही. काकांना सॉरी म्हटलं, ते म्हणाले वहीवर आपला भरवसा होताच.

बाकीचं पटकन. क्वेरीमध्ये ऑप्शनल इंट असेल आणि यूआरएलमध्ये नाव आहे पण बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही, तर तो नन (काहीच आलं नाही) धरत नाही, रिकामी स्ट्रिंग धरून ४२२ देतो. फॉर्म डेटामध्ये मात्र रिकामं म्हणजे आलंच नाही असं धरतो. बूलियनला यस, नो, ऑन, ऑफ, वाय, एन, वन, झीरो सगळं चालतं, "हो" चालत नाही, ते मी मागतही नाही. रिपोर्टच्या पासून-पर्यंत तारखांना डेटटाइम ठेवलं आणि कोणी नुसतं २०२४ टाकलं तर ते सेकंद समजून १ जानेवारी १९७०, रात्रीचे बारा वाजून ३३ मिनिटं होतात आणि रिपोर्टमध्ये सगळ्या जन्माची केळी येतात. डेट टाइप ठेवा, तिथे व्ही टू अडवतं. आणि क्वेरीवर स्ट्रिक्ट इंट (स्ट्रिंगचा इंट न करणारा टाइप) लावायचा शहाणपणा करू नका, यूआरएलमधून सगळं स्ट्रिंगच येतं, मग एकही रिक्वेस्ट पास होणार नाही. मी केलाय म्हणून सांगतो.

आकड्यांचं औषध आठ ओळींचं निघालं. बिफोर व्हॅलिडेटरमध्ये (तपासणीच्या आधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्ट्रिंग आली तर ट्रान्सलेटने दहा मराठी अंक दहा इंग्रजी अंकांत बदलायचे आणि अ‍ॅनोटेटेड टाइप करून सगळीकडे तोच वापरायचा. आता केळीच्या कांदेबागेचा सीझन त्यावरच चाललाय, मराठी आकड्यांमुळे एकदाही लाल नाही. एररचे मेसेज पण हँडलर लिहून मराठी केले, "इथे फक्त आकडा टाका" वगैरे.

चार स्टार. एक कापला तो घडांचा, आणि तो परत देणार नाही. सर्व्हर बदलून सहा महिन्यांत २४०० रुपये वाचले, त्यात माझा रविवार आणि सोमवार गेला, तो हिशोब करायला बसलो तर त्रासच होतो. परवा काका म्हणाले १,२५,००० असं स्वल्पविराम देऊन टाकलं तर लाल येतं. येणारच, स्वल्पविराम इंटला पण चालत नाही आणि डेसिमलला पण नाही. काढून टाकणं एका ओळीचं काम आहे, पण मुकादम कधीकधी साडेसोळा क्विंटल १६,५ असं लिहितो, तिथे स्वल्पविराम काढला तर १६५ होतील. शेठना सांगितलंय, हे नवीन काम आहे, याचं बिल वेगळं लागेल.