शीआनमध्ये कुणी ‘तिथे रांग नाही’ म्हणालं तर

चीनमधल्या शीआन शहरात जाणारा पर्यटक दोन गोष्टींना घाबरून असतो, गर्दीला आणि लुबाडणुकीला. तिथल्या दलालांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते पहिलीवरचा उतारा म्हणून दुसरी विकतात. ‘मुख्य दारावर तीन तासांची रांग आहे, मी दुसरीकडून नेतो’, या एका वाक्यापासून या शहरातल्या बहुतेक फसवणुकी सुरू होतात. खरोखर शांत असलेल्या जागा मात्र तुमच्या मागे धावून कुणीच विकत नाही. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

सगळ्यात जास्त लोक टेराकोटा सैन्याच्या, म्हणजे सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या, नावावर फसतात. कारण साधं आहे. हे सैन्य शहरात नाहीच. ते पूर्वेला 35 ते 40 किलोमीटरवर, लिंतोंग भागात आहे. पाट्या चिनी, पत्ता वाचता येत नाही, आणि आपण नेमके कुठे उतरलो हे उतरल्यावरही कळत नाही. रेल्वे स्थानकाबाहेर हातात फोटोंचं कार्ड घेतलेला माणूस भेटतो. कधी बसच्या काचेवर 306 हा आकडा लावलेला असतो, कारण जुन्या प्रवासवर्णनांत सरकारी बसचा हाच क्रमांक वाचून लोक येतात. भाडं किरकोळ, कधी तर फुकट. इथेच शंका यायला हवी.

अशा बसचा दिवस ठरलेला असतो. पहिला थांबा मूर्ती बनवायच्या ‘सरकारी’ कारखान्याचा. तिथे पाऊणएक तास. दुसरा थांबा जेड किंवा रेशमाच्या दुकानाचा. तिसरा ‘सम्राटाच्या भूमिगत महालाचा’, म्हणजे अंधारा हॉल, रंगीत दिवे, प्लास्टरचे पुतळे आणि वेगळं तिकीट. एवढ्यात दुपार टळते. मग खऱ्या संग्रहालयाच्या बाहेरच्या मैदानात सोडून ‘आता आत जायला वेळ उरला नाही’ असं सांगतात, किंवा तासाभरात परत या म्हणून बजावतात. काहींना तर खरी जागा दिसतच नाही. लिंतोंगमध्ये नकली सैन्य दाखवणारी ठिकाणं खरोखर होती. त्यातलं एक 2017 मध्ये प्रशासनाने पाडलं, तेव्हा त्याच्या बातम्या जगभर झाल्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर हा डाव चालत नाही. पहिली, ज्याच्यासाठी हे सैन्य घडवलं त्या छिन शी हुआंग या सम्राटाची मुख्य समाधी आजवर कुणीही उघडलेली नाही. वर मातीची टेकडी आहे, आतला भाग जसाच्या तसा आहे. तेव्हा ‘आतला महाल’ दाखवणारा खोटं बोलतो आहे, पुढे विचारायची गरज नाही. दुसरी, मूळ तिकीट 120 युआनचं आहे. एका युआनचे साधारण 12 रुपये धरले तर सुमारे 1,450 रुपये. यात पुतळे सापडले ते तिन्ही खड्डे आणि समाधीचा परिसर, म्हणजे लिशान उद्यान, दोन्ही येतं. मधल्या अंतरासाठी बस मोफत आहे. समाधीचं तिकीट वेगळं मागितलं की समजून जा. जागा खरी आहे की नाही, हे डोळ्यांनीही ओळखता येतं. पहिल्या खड्ड्याची लांबी 230 मीटर, रुंदी 62 मीटर. वरचं छत एखाद्या मोठ्या रेल्वे स्थानकाच्या शेडसारखं. खोलीएवढ्या जागेत ओळीने मांडलेले गुळगुळीत पुतळे म्हणजे ते नव्हे.

जायचा सरळ मार्ग असा. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेने फांगझिचंगला उतरायचं, तिथून नवव्या मार्गिकेने ‘हुआचिंगची’ हे स्थानक गाठायचं, आणि बाहेरून 602 क्रमांकाची शहर बस घ्यायची. शहराच्या मध्यातून सगळं मिळून दीड-पावणेदोन तास धरा. नववी मार्गिका डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाली. त्याआधी लिहिलेला सल्ला वाचून निघालात तर तुम्ही पुन्हा त्या स्थानकाबाहेरच्या माणसाच्या तावडीत सापडता. चिनी भाषेत या सैन्याला ‘बिंगमायोंग’ म्हणतात. हा शब्द चिनी लिपीत फक्त तीन अक्षरांचा आहे. हॉटेलच्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि बसच्या पाटीशी अक्षर न् अक्षर जुळवा.

दारापासून खड्ड्यांपर्यंत जाणारी विजेवरची गाडी ऐच्छिक आहे. चालत गेलात तरी पंधरा मिनिटांचं काम. गाइड हवा असेल तर आतल्या अधिकृत काउंटरवर घ्यावा, बाहेर अंगावर येणारा नको. बाहेर पडायची वाट मुद्दाम दुकानांच्या लांबलचक गल्लीतून काढलेली आहे. तिथे पुस्तकावर सही करणारे एखादे आजोबा दिसले आणि ‘1974 मध्ये विहीर खणताना हे सापडलं ते यांनाच’ असं सांगितलं गेलं, तर पुस्तक पुस्तक म्हणून हवं असेल तरच घ्या. अशा सह्या करणारे बरेच आहेत.

गर्दीचं म्हणाल तर सहलीचे गट सकाळी येतात. दुपारची वेळ आरक्षित करून अडीचच्या सुमारास आत शिरलात तर तीन तास मिळतात. 16 मार्च ते 15 नोव्हेंबर या काळात शेवटचा प्रवेश पाचला, इतर महिन्यांत साडेचारला. आणि 1 ते 7 ऑक्टोबर, 1 ते 5 मे आणि चिनी नववर्षाचा आठवडा या तारखांना जाऊच नका. तेव्हा कोणतीही युक्ती कामाला येत नाही.

तिकिटांचे दलाल हा वेगळाच प्रकार. चिनी लोक त्यांना ‘पिवळे बैल’ म्हणतात. शान्शी इतिहास संग्रहालयात मूळ संग्रहाला प्रवेश मोफत आहे, पण आगाऊ नोंदणी लागते आणि जागा काही मिनिटांत संपतात. मग तेच फुकटचं तिकीट ‘गाइडसह’ म्हणून दोन-तीनशे युआनला विकलं जातं. यात बिघडतं ते असं: नोंदणी पासपोर्ट क्रमांकावर होते आणि दारावर पासपोर्टच तपासतात. त्यामुळे तुमच्या हातात देता येईल असं तिकीट मुळात नसतंच. दलाल फोनवरचं एक चित्र पाठवतो. त्यावरची तारीख चुकीची असते, नाव दुसऱ्याचं असतं, किंवा क्रमांकातला एखादा आकडा चुकलेला असतो. शिवाय तुमच्या पासपोर्टचा फोटो त्याच्याकडे राहतो. मे 2024 पासून या संग्रहालयाची दुसरी शाखाही सुरू झाली आहे, शहराबाहेर. तेव्हा नोंदणी कोणत्या इमारतीची आहे तेही पाहा. नाही मिळाली नोंदणी, तर हट्ट सोडून द्या. विमानतळाच्या बाजूला हान यांगलिंग आहे, हान सम्राट जिंगची समाधी. जमिनीखाली काचेच्या वाटेवरून चालताना पायांखाली खड्डे दिसतात आणि त्यांत हातभर उंचीचे मातीचे माणसं-प्राणी, ओळीने ठेवलेल्या शेळ्या आणि डुकरंसुद्धा. इतकी सुंदर जागा आणि बऱ्याचदा निवांत.

मुस्लिम मोहल्ल्यातली लूट वजनाच्या काट्यावर होते. चीनमध्ये बाजारातलं वजन ‘जिन’ म्हणजे 500 ग्रॅम, आणि त्याचा दहावा भाग ‘लियांग’ म्हणजे 50 ग्रॅम. सुकामेव्याच्या वडीवर 18 असा आकडा मोठ्ठा लिहिलेला असतो आणि 50 ग्रॅमचं अक्षर कोपऱ्यात बारीक. आपण समजतो अर्ध्या किलोचा भाव. विक्रेता विचारायच्या आत जाड तुकडा कापतो. तो 600 ग्रॅम भरला तर 216 युआन होतात, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. ‘कापलं आहे, आता परत घेता येत नाही’ हे ठरलेलं उत्तर. उपाय एकच: कापायच्या आधी बोटाने मापून दाखवा आणि एकूण किंमत मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याच्याकडून टाइप करून घ्या. बेइयुआनमेन हा मुख्य रस्ता फोटोपुरता ठेवावा आणि खायला साजिनच्याओ किंवा दापीयुआनकडे वळावं. शाकाहारी मंडळींनी लियांगपी हा थंड, तिखट-आंबट नूडलचा प्रकार मागावा. पोट बिघडलं नसेल तर दुसरी वाटीही घ्यावी.

पैसे देताना अलीपे या मोबाइल पेमेंट अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करायला विसरू नका. 200 युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा शुल्क नाही, त्यावर 3 टक्के लागतं. परदेशी कार्ड दुकानदाराच्या व्यापारी क्यूआर कोडवर चालतं, व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवायला नाही. कुणी स्वतःचा खाजगी कोड पुढे करून ‘इथे टाका’ म्हणत असेल, तर ते तिकीट कुठल्याच संस्थेचं नाही, हेही त्यातून कळतं.

मोठ्या वन्य हंस पॅगोड्याभोवती संध्याकाळी जत्रा असते. हा पॅगोडा 652 मध्ये ह्यूएन त्संगने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी उभा राहिला. हाच प्रवासी 641 च्या सुमारास पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या अस्थी मात्र शहराच्या दक्षिणेला, शिंगच्याओ मंदिरातल्या स्तूपाखाली आहेत. तिथे दलाल फिरकतही नाहीत.

एवढं करूनही फसलात तर कायदा तुमच्या बाजूने आहे. 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू असलेल्या चीनच्या पर्यटन कायद्याच्या 35 व्या कलमानुसार अवाजवी स्वस्त सहल विकून पर्यटकांना खरेदीच्या सापळ्यात ओढायला बंदी आहे. तसं झालं असेल तर सहल संपल्यापासून 30 दिवसांच्या आत वस्तू परत करून पैसे मिळवून देण्याची मागणी सहल कंपनीकडे करता येते. तक्रारीसाठी 12345 हा शासकीय क्रमांक आहे, दुकानाविरुद्ध 12315, आणि धाकदपटशा झाला तर पोलिसांचा 110. हॉटेलमधल्या कुणाला तरी तुमच्या वतीने बोलायला सांगा, त्याने फरक पडतो. पण यासाठी हातात पुरावा हवा. जेडच्या दुकानात जी रंगीत, शिक्के मारलेली ‘प्रमाणपत्रं’ देतात ती पावती नव्हे. कर खात्याच्या नोंदीचं अधिकृत बिल, ज्याला तिथे ‘फापियाओ’ म्हणतात, ते पैसे देण्याआधी मागा. बहुतेक वेळा हा शब्द ऐकूनच भाव खाली येतो, किंवा वस्तू कपाटात परत जाते.